टेंगळावरचा पट्टा

फरशीवाला घरात शिरला, तेव्हा बायकोला आधी ऐकू आला तो आवाज. उजवं पाऊल ओल्या फडक्यासारखं फट् करून जमिनीवर आपटत होतं.

"नव्या चपला घेतल्या की काय?" तिने आतून विचारलं.

"चपला जुन्याच आहेत. पायच ऐकेनासा झालाय."

उभा जन्म लोकांच्या घरांत फरश्या बसवलेला माणूस. जेवायला बसला तरी ताट कुठे कललंय ते आधी बघायचा, म्हणून गल्लीत सगळे त्याला 'लेव्हल' म्हणत. आता उंबरठा ओलांडायचा तर त्याला गुडघा उंच उचलावा लागे, नाहीतर बोटं अडकायची.

थोरल्या दिरांनी बसल्या जागी निदान केलं. "मणका सरकलाय! माझ्या साडूचं असंच झालं. ऑपरेशन करायचं आणि फरशी विसरायची."

फरशीवाल्याने कोपऱ्यातल्या रबरी हातोड्याकडे बघितलं. ती नजर बायकोला सोसवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याला नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दीर बरोबर आलेच.

बाईंनी त्याला अनवाणी उभं केलं. चवड्यांवर तो झोकात उभा राहिला. टाचांवर म्हटल्यावर मात्र उजवा चवडा जमीन सोडेना. तळव्याला कापसाचा बोळा नीट कळला, पावलाच्या वरच्या अंगाला लावला तर म्हणाला, "गोधडीवरून लावल्यासारखं वाटतंय."

"आता पाऊल आत वळवा. मी अडवते."

त्याने असा रेटा दिला की बाईंची खुर्ची मागे सरकली. त्या हसल्या. "एवढा जोर आहे ना, मग कंबरेवरचा आळ बहुतेक खोटा."

"कशावरून?" दीर पटकन बोलले.

"मांडीमागून येणारी नस गुडघ्यापाशी दोन होते. थोरली पोटरीतून तळव्याला जाते. पाऊल दाबणं, आत वळवणं तिचं काम. धाकटी बाहेरून वळसा घालून पुढे येते आणि पाऊल वर उचलते. कंबरेत बिघाड असता तर दोघींची कामं अडली असती. इथे फक्त धाकटी रुसलीय."

बाईंनी गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला असलेल्या हाडाच्या टेंगळामागे बोटाने टकटक केलं. "अगं आई!" फरशीवाला ओरडला. पावलापर्यंत मुंग्या धावल्या होत्या.

"इथे ती हाडाला बिलगून जाते. वर मांसाचं पांघरूण नाही. इथे काही बांधता का?"

"कामाच्या गाद्या असतात गुडघ्याला. त्यात काय?"

जुन्या गाद्या घसरायच्या, म्हणून महिन्यापूर्वी बायकोनेच नव्या शिवल्या होत्या. मन लावून शिवल्या होत्या. "पट्टा मी लावला," ती हळूच म्हणाली. "सुटू नये म्हणून घट्ट. काढायला सोपं म्हणून बक्कल बाहेरच्या अंगाला."

"तुमची शिवण पक्की, एवढाच तुमचा गुन्हा," बाई म्हणाल्या. "नस दबलीय, तुटलेली दिसत नाही. मशीनवर तपासून खात्री करू. पट्टा बंद, उकिडवं बसणं बंद. पाऊल उचलून धरायला आधार देते. वेळ लागेल, पण उठेल."

तपासणीतही तेच निघालं. मग रोज पहाटेची प्रार्थना झाली की बायको त्याच्या पायाशी बसे. "अंगठा वर." अंगठा ढिम्म. त्या टेंगळामागे ती अलगद बोट ठेवी. एवढीशी दोरी, पण अख्ख्या माणसाला उंबरठ्यापार नेते, आणि कधी सांगतसुद्धा नाही की मी इथे आहे! घडवणाऱ्याच्या हातापुढे तिची मान आपोआप लवे.

दिवस गेले, आठवडे गेले. एका सकाळी पावलावरच्या कातडीखाली एक शीर ताठ उभी राहिली. अंगठा किंचित हलला.

"उचलला!"

"उगीच धीर देऊ नकोस."

"माझं तोंड काय बघताय? पायाकडे बघा!"

त्याने बघितलं. मग लेव्हलपट्टी मागवली, दोन्ही चवड्यांवर आडवी ठेवली आणि बुडबुडा एका टोकाला पळाल्यावर म्हणाला, "अजून कललंय."

"कलू दे," ती म्हणाली आणि गादीचा पट्टा उसवायला बसली. नवा कुठे लावायचा ते ठरवण्याआधी तिने आपल्याच गुडघ्याखालचं टेंगूळ चाचपून बघितलं.