सात वाजताचं तापमान

आतेभावाने नियुक्तीपत्राचा मसुदा टेबलावर पसरला आणि चष्मा कपाळावर चढवला. तो कामगार कायद्याचा वकील. माझी पाणी तपासण्याची छोटी प्रयोगशाळा आहे, आणि तिच्यात दोनच माणसं, मी आणि माझी मदतनीस.

"एका माणसासाठी एवढे कागद?" मी विचारलं.

"एक असो की हजार, नव्या कायद्याने लेखी पत्र द्यायचंच. नऊ वर्षं ती नुसत्या तोंडी बोलीवर आहे. कुणी विचारलं नाही हे नशीब समज." त्याचं पेन एका ओळीवर थांबलं. "हे काय आहे?"

'कामाचे स्वरूप' या रकान्यात मी काहीच सोडलं नव्हतं. नमुने नोंदवणे, काचेची भांडी धुणे, ती निर्जंतुक करणे. आणि शेवटी, रोज सायंकाळी सात वाजता फोनवर नमुने उबेत ठेवायच्या इनक्युबेटरचे तापमान सांगणे.

"तिची सुटी साडेपाचला. मग सातला ती तापमान कुठून सांगते?"

"निघताना बघितलेलं असतं."

"इनक्युबेटर कुठे आहे?"

"इथेच, खाली."

"आणि तू राहतेस कुठे?"

मी बरोबर वरच्या मजल्यावर राहते. त्याला ते माहीत होतं. वकिलांना उत्तर माहीत असलेलेच प्रश्न आवडतात.

"हे बघ," तो जरा नरमाईने म्हणाला, "सुटी झाल्यावर कर्मचाऱ्याला फोन करायचा नाही, असा आता नियम आहे. आणीबाणी असेल तर गोष्ट वेगळी. हा फोन काम असेल, तर तिच्या तासांत धर. काम नसेल, तर ओळही काढ आणि फोनही बंद कर. मधलं काही नाही."

तो गेल्यावर मी त्या ओळीसमोर बसून राहिले. "सदतीस, ताई," हे म्हणायला तिला दोन सेकंद लागतात. फोन मात्र सहा-सात मिनिटं चालतो. मुलीचं गणित, शेजारच्यांचं मांजर, जिन्यातला गेलेला दिवा. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्या घरात कुणाचाही आवाज नसतो. आकडे स्पष्ट होते, हे काम नव्हतं. मी ओळ खोडली.

तिला मी पिपेट म्हणते. पहिल्याच आठवड्यात तिने बारा पिपेट, म्हणजे द्रव मोजायच्या काचेच्या नळ्या, फोडल्या होत्या, आणि त्यानंतर आजवर एकही नाही. सकाळी पत्र दिलं, तर तिने हात पुसले, स्टुलावर बसली आणि शब्द न् शब्द वाचला.

"यात फोनचं नाही, ताई."

"कायद्याने आता करता येत नाही."

"म्हणजे आजपासून बंद?"

"आजपासून."

तिने पान उलटलं, परत सरळ केलं. "बरं झालं," ती म्हणाली. "राग मानू नका हं. नेमकं सातला गॅसवर काहीतरी असतं, पोरगी वही घेऊन मागे उभी. आणि हे म्हणतात, घे, आली तुझी मालकीण."

मी हसले. थोडं उशिराच हसले असेन.

"आता कागदच झालाय तर सांगूनच टाकते," ती म्हणाली. "रोज काही मी बघून नव्हते सांगत. सदतीसच तर असतं."

"मला माहीत होतं."

"कसं काय?"

"फोन करायच्या आधी मी खाली येऊन बघायचे."

मी टेबलावर न पडलेला डाग पुसला. मग तिने पुन्हा पत्रात डोकं घातलं आणि एका कलमावर बोट ठेवलं.

"दुपारचा अर्धा तास कर्मचाऱ्याचा स्वतःचा. हा माझा?"

"तुझा. त्यात मी काहीही सांगू शकत नाही."

"त्याच वेळी तुम्ही वर निघून जाता, जेवायला."

"तुला मोकळं वाटावं म्हणून."

"हात्तिच्या. मला वाटायचं, तुम्हाला माझ्यासोबत जेवायला आवडत नाही." एवढं बोलून तिने सही केली, खाली तारीख घातली आणि भांडी धुवायला गेली. त्या दुपारी सवयीने मी वरच गेले. अर्धं जेवण झाल्यावर लक्षात आलं, पण अर्धं ताट घेऊन जिना उतरणं विचित्र दिसलं असतं.

सात वाजता खाली आले. इनक्युबेटरचा काटा साडेछत्तीसवर होता. नऊ वर्षांत पहिल्यांदाच सदतीस नव्हता. फोन हातात होता, तिचं नाव पडद्यावर सगळ्यांत वर.

अर्ध्या अंशाचा फरक चालतो. ही आणीबाणी नव्हे.

मी नोंदवहीत वेळ लिहिली, आकडा लिहिला, सही केली. वर जाऊन कपाटाच्या मागच्या बाजूला असलेला जेवणाचा डबा शोधून काढला. झाकण घट्ट बसलं होतं. ते उघडायला बराच वेळ लागला. मग डबा घासून पुसला आणि उद्या दुपारी खाली न्यायला ओट्यावर ठेवला.