ढब्बीचा जॅक

मित्रांनो, मी गाडी उचलायचा एक जुना जॅक आहे. चार लोखंडी चाकं, एक लांब दांडा, पुढे वाटीएवढी खोबण असलेला हात आणि पोटात तेल, एवढाच माझा पसारा. दांडा वरखाली केला की तेल दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या माझा हात उचलतो आणि त्या हातावर गाडी वर जाते. लोकांना वाटतं, गाडी उचलणं हेच माझं अवघड काम. तसं नाही. उचलताना मला काहीच वाटत नाही. गाडी वर गेली आणि कुणीतरी गप्पा मारत तिच्याखाली शिरलं, की माझा जीव टांगणीला लागतो.

माझा जन्म कारखान्यातला. मला ओतलं, तासलं, निळा रंग दिला आणि बाहेर सोडण्याआधी माझ्या ताकदीहून जास्त वजन माझ्यावर ठेवलं. तपासणी करणाऱ्या एक बाई शेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या. मी तसूभर तरी खाली येतो का, हे त्या बघत होत्या. मी आलो नाही. त्यांनी माझ्यावर शिक्का मारला. परीक्षा संपली, असं मला वाटलं. किती भाबडा होतो मी!

तिथून मी एका गॅरेजमध्ये गेलो. तिथले मिस्त्री तोंडाचे फटकळ. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. पण माझ्यावर गाडी उचलली की ते आधी तिच्याखाली दोन घोड्या सरकवत. घोडी म्हणजे तीन पायांची लोखंडी तिवई. तिला तेल नाही, दट्ट्या नाही, त्यामुळे ती कधी खाली बसत नाही. घोड्या लावल्या की मिस्त्री गाडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघत आणि मगच खाली जात. एकदा कुणी गिऱ्हाईक घाई करायला लागलं, तेव्हा ते म्हणाले, "जॅकवर भरवसा ठेवणारा एक तरी म्हातारा मिस्त्री दाखवा. नाही सापडायचा. ते म्हातारे होतच नाहीत!"

मला त्याचा राग आला नाही. उलट हायसं वाटलं. मिस्त्री वेळच्या वेळी माझ्या पोटातलं तेल बदलायचे, दट्ट्याभोवतीचा रबरी वायसर नवा घालायचे. त्या वायसरावरच माझं सगळं अवलंबून. तो झिजला की तेल वाट काढतं आणि मी हळूहळू बसायला लागतो.

मिस्त्रींचे गुडघे गेले आणि गॅरेज बंद झालं. तेव्हा मी आक्काकडे आलो.

आक्का एका मोठ्या दवाखान्यात हेड नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिने भंगारवाल्याकडून एक जुनी गाडी आणली. गोल दिवे, फुगलेले मडगार्ड, मागून चांगली रुंद. आणली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर मांजरीने पिल्लं घातली होती. आक्काने पिल्लं मोठी होईपर्यंत गाडीला हात लावला नाही. मग घराशेजारच्या शेडमध्ये तिचा एकेक भाग सुटा करून धुतला, घासला, पुन्हा बसवला. गाडीचं नाव पडलं ढब्बी. पहिल्यांदा ढब्बीचं इंजिन सुरू झालं, तेव्हा साऱ्या गल्लीत धूर झाला. शेजारी खोकत बाहेर आले आणि आक्का धुरात उभी राहून हसत होती.

आक्काची धाकटी बहीण तिच्याजवळच राहायची. साठी ओलांडली तरी सगळे तिला छोटीच म्हणत. छोटी घरी कपडे शिवायची. ढब्बीच्या सीटची कव्हरं तिनेच शिवली, छताचं कापड तिनेच ताणून बसवलं. पण गाडीत बसायची वेळ आली की तिचे हातपाय गार पडत. ब्रेक लागेल ना? वास कसला येतोय? आक्का, हा खडखड आवाज आधी होता का? आक्का तिची थट्टा करायची. "छोटे, तू खाटेवर झोपतेस ती तरी कशी गं? पाय मोडला म्हणजे?"

मला मात्र छोटी जवळची वाटायची. त्या घरात माझ्यासारखं काळजी करणारं दुसरं कोण होतं?

सुरुवातीची वर्षं माझं फार कौतुक झालं. आक्का पाहुण्यांना शेड दाखवायला आणी, माझ्या दांड्यावर थाप मारून म्हणे, "हा आहे म्हणून माझी ढब्बी हवेत तरंगते." मी फुशारून जायचो. मिस्त्रींनी मला देताना तिला बजावलं होतं, की वायसर दर दोन वर्षांनी बदला. ती "हो हो" म्हणाली होती. पण ढब्बीचं काय ना काय दुखत राहायचं. कधी कार्बुरेटर, कधी रेडिएटर. आजारी माणसाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, त्याची खाट उचलणाऱ्याची विचारपूस कोण करतं? कामं झाली की मला कोपऱ्यात ढकलत. तिथे छपरातून पाणी टपकायचं. माझा निळा रंग पोपडे धरून सुटला. वायसर कडक झाला, मग चिरला.

मी गळतोय हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी मनातून हादरलो. आक्का ढब्बीला उचलून जेवायला गेली होती. परत आली तर वर उचललेलं चाक जमिनीला टेकलेलं. ती डोकं खाजवत म्हणाली, "अगंबाई, मीच खाली केली वाटतं." आणि पुन्हा दांडा मारायला लागली.

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला तोंड कुठे? माझ्याकडून एकच खूण होऊ शकत होती, ती म्हणजे जमिनीवर पडणारा तेलाचा डाग. तो मी दरवेळी टाकत होतो. एकदा छोटीला तो दिसलाही.

"आक्का, इथे तेल कसलं सांडलंय?"

"ढब्बीचं असेल. ती कुठून गळत नाही ते विचार!"

खरंच होतं ते. ढब्बी इंजिनातून गळायची, गिअरबॉक्समधून गळायची. तिच्या डागांच्या गर्दीत माझा डाग कोण ओळखणार? छोटीने त्यावर चिंधी टाकली, पायाने डाग पुसला आणि ती आत गेली. त्या दिवसापासून ढब्बीचं ओझं माझ्यावर आलं की मी मनात एकच म्हणायचो, आज नको. आज कुणी खाली नको.

मग जुन्या गाड्यांची फेरी जवळ आली. आसपासचे सगळे हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन निघणार होते आणि आक्काने ढब्बीचं नाव दिलं होतं. मागची दोन्ही चाकं नवे टायर चढवायला टायरवाल्याकडे गेली होती. त्यामुळे ढब्बीचा मागचा भाग दोन्ही घोड्यांवर बसवलेला होता. आक्काकडे घोड्या होत्या त्या एवढ्याच. त्या दिवशी दुपारी तिच्या लक्षात आलं, की पुढच्या डाव्या ब्रेकची नळी पाझरतेय. तिने मला पुढे लावलं, ढब्बीला उचललं, डावं चाक काढून भिंतीला टेकवलं आणि सतरंजी अंथरून आडवी झाली.

"आक्का, घोडी?" छोटीने दारातूनच विचारलं.

"दोन्ही मागे अडकल्यात. एक नट आवळायचाय फक्त. तू आलीच आहेस तर पाने दे एकेक."

"उद्या कर ना. चाकं येऊ देत, घोड्या मोकळ्या होऊ देत."

"उद्या, उद्या करत बसले तर फेरीला ढब्बीऐवजी तुझं शिलाई मशीन न्यावं लागेल."

आणि ती आत सरकली. आक्काचं डोकं माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्या पोटात तेल वायसराच्या चिरेतून झिरपायला लागलं होतं. मी सगळं अंग आवळून धरलं. पण मित्रांनो, लोखंडाने कितीही मनावर घेतलं तरी फाटलेलं रबर सांधत नाही. मी केसाएवढा खाली आलो. मग आणखी केसाएवढा. ते दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं.

आतून आक्काचा आवाज आला, "छोटे, हा पाना लांब आहे. जमिनीला अडतोय. आखूड दे."

छोटी वाकून पाने चाळायला लागली आणि तिचा हात थांबला.

"आत्ता तर फिरत होता ना?"

"फिरत होता. आता अडतोय. तू दे गं आखूड."

छोटी गुडघ्यावर बसली. उभं आयुष्य तिने कापडावर नजर ठेवून काढलं होतं. बाही कुठे तसूभर आखूड झाली, ते तिला टेप न लावता दिसायचं. तिने ढब्बीचा काठ आणि जमीन यांच्यामधल्या जागेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या बुडाशी ताजं तेल चमकत होतं.

ती किंचाळली नाही. भिंतीला टेकवलेलं चाक तिने आडवं पाडलं आणि दोन्ही हातांनी ढकलत ढब्बीच्या चासीखाली सरकवलं.

"हे काय करतेस?" आक्का म्हणाली.

"आक्का, बाहेर ये."

"अगं, एकच आटा..."

"बाहेर ये म्हणते ना!"

त्या आवाजात छोटी कधी बोलली नव्हती. आक्का मुकाट्याने सरकायला लागली. डोकं बाहेर आलं, खांदे आले. डाव्या हातात पाना होता, तो हात तेवढा आत राहिला होता, आणि त्याच क्षणी माझा वायसर फाटला.

मी खाली बसलो. ढब्बी धाडकन आली. चासी त्या आडव्या चाकावर आदळून थांबली. पण चाक काढलेला ब्रेकचा ड्रम खाली लोंबत होता. तो आक्काच्या मनगटावर टेकला.

आक्का ओरडली, आणि मग एकदम गप्प झाली. ओरडण्यापेक्षा ते गप्प होणं जास्त भयंकर होतं.

"आक्का! मी... मी कुणाला तरी हाक मारते..."

"थांब." आक्काचा आवाज दाताखाली धरल्यासारखा येत होता, पण तो हेड नर्सचा आवाज होता. "गल्लीत या वेळी कोणी नसतं. रडायचं ते नंतर. दांडा मार."

"हा जॅक मोडलाय गं!"

"दुसरा आहे का? मार!"

छोटीने माझा दांडा धरला आणि मारायला लागली. पहिल्यांदा काही झालं नाही. ती जेवढं तेल पुढे ढकलत होती, तेवढं ते फाटलेल्या वायसरातून मागे येत होतं. मी थरथरत तिथल्या तिथे होतो. मग तिने वेग वाढवला. तिचे केस सुटले, चष्मा पडला, तो तिच्याच पायाखाली आला. ती थांबली नाही. शिलाई मशीनवर लांबलचक शिवण घालताना जशी लय धरतात, तशी लय तिने धरली आणि माझ्या पोटात तेल गळतीच्या पुढे जायला लागलं. मी केसभर उठलो. मग बोटभर. आयुष्यात मी मोठमोठे ट्रक उचलले, पण ते बोटभर उठणं मला सगळ्यात जड गेलं. ती थांबली असती तर मी त्याच क्षणी पुन्हा बसलो असतो, आणि हे तिलाही कळत होतं.

"ओढ! आक्का, हात ओढ!"

आक्काने हात ओढला आणि ती भिंतीपर्यंत घरंगळत गेली. छोटीने दांडा सोडला. ढब्बी पुन्हा चाकावर आदळली. छोटी जमिनीवर बसली आणि मग मात्र हमसाहमशी रडायला लागली. मोडलेला हात उराशी धरून आक्काच तिची समजूत घालत होती.

मनगटाची दोन हाडं मोडली होती. फेरी दुसऱ्यांच्या गाड्यांनी काढली, ढब्बी शेडमध्येच राहिली. छोटीने मला ओढत फाटकाबाहेर नेऊन ठेवलं, भंगारवाल्याला द्यायला. तिथे मी ऊन खात पडलो होतो आणि मला त्याचं दुःखही वाटत नव्हतं. निदान आता माझ्यामुळे कुणाचा जीव जाणार नाही, एवढंच वाटत होतं.

प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून आक्का बाहेर आली. माझ्याजवळ उभी राहिली.

"हा किती दिवस सांगत होता गं," ती म्हणाली. "तूही सांगत होतीस. मीच दोघांचं ऐकलं नाही."

छोटीने माझा दांडा धरला. आणि तिने मला पुन्हा आत ओढलं.

आक्काला एका हाताने काम जमेना. म्हणून ती स्टुलावर बसून सांगत गेली आणि छोटीने मला खोललं. माझा दट्ट्या पुसला, काळं पडलेलं तेल ओतून टाकलं, नवा वायसर बसवला. शिवणाऱ्या बोटांनी तो इतका नीट बसला, की मिस्त्रींनीही मान डोलावली असती. शेडमध्ये आणखी दोन नव्या घोड्या आल्या. टपकणारं छप्पर दुरुस्त झालं.

आक्काचा हात बरा झाला, पण मूठ पुरती मिटत नाही. त्यामुळे आता ढब्बीखाली छोटी जाते. मी गाडी उचलतो, घोड्या लागतात, छोटी ढब्बीला हलवून बघते आणि मग सरकत आत जाते. आणि आक्का, जी सगळ्यांची थट्टा करायची, ती बाहेर उभी राहते. मडगार्डवर हात ठेवून सारखी वाकून बघते.

"छोटे, बोलत राहा गं. गप्प का झालीस?"

"नट दातात धरलाय आक्का, बोलू कशी?"

"मग हुंकार तरी दे!"

आतून हुंकार येतो. आक्काचा श्वास सुटतो. माझाही.

मित्रांनो, आम्ही उचलतो. धरून ठेवणं आमचं काम नाही, ते आमच्यावर सोपवू नका. आमच्या बुडाशी तेलाचा डाग दिसला तर तो पुसून टाकण्याआधी कुठून आला ते बघा. आणि तुमच्या घरात कुणी सारखं काळजी करत असेल, तर एकदा काम थांबवून विचारा, की बाई, तुला काय दिसतंय?