वीतभर फट

खरवडणीचं पातं तिने टबाच्या काठावरून सरकवत नेलं, कोपऱ्यापाशी थांबून बोट लावून पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. बाकी सगळीकडे तिने भरलेलं सिलिकॉन टबाला आणि भिंतीला असं धरून बसलं होतं की पातं जोर लावून चालवावं लागत होतं. नळाच्या समोरच्या टोकाला मात्र, कोपऱ्यापासून वीतभर, ते भिंतीपासून सुटलं होतं. मागच्या वेळी सुटलं होतं तिथेच. त्याच्या आधीही तिथेच.

"सुटलं का गं पुन्हा?" आईने दारातून विचारलं.

तिने पातं पुन्हा चालवायला घेतलं. उत्तर दिलं असतं तर ते आईला देण्यासारखं नसतं.

उंच इमारतींच्या काचा बसवल्यावर त्यांच्याभोवतीच्या फटी भरायच्या, हा तिचा धंदा. तिथे वारा काचा हलवतो, ऊन त्या तापवतं, पाऊस आडवा येऊन आपटतो, तरी तिने भरलेल्या फटीतून थेंब आत येत नाही. आणि इथे आईच्या न्हाणीघरातला एक साधा टब तिच्या नाकी नऊ आणत होता. त्या फटीतून उतरलेलं पाणी खालच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या छतावर नकाशे काढत होतं. मास्तर रोज सकाळी त्या नकाशाचा फोटो तिला पाठवायचे आणि तोच दादालाही पाठवायचे. दादाचं म्हणणं केव्हापासून ठरलेलं होतं: आईला आता एकटीला ते घर झेपत नाही, तिला माझ्याकडे आणतो, घर बंद करू. ती भांडून सांगायची, घराला फट पडली म्हणजे आई म्हातारी झाली का? आई ठणठणीत आहे, जिने चढते, बाजार करते. शेवटी दादा म्हणाला होता, ठीक आहे, पण यापुढे गळलं तर मी काही ऐकणार नाही. आज सकाळी मास्तरांचा फोटो आला, नकाशात एका नव्या बेटाची भर पडलेली.

तिने पेटी उघडली. सरळ तोंडाची, तिरप्या तोंडाची, काटकोनात वळलेली आणि नळामागच्या सांदीत शिरणारी लवचीक, अशी सिलिकॉनच्या गनची सगळी नोझलं ओळीने मांडलेली होती. शेजारी सिलिकॉन घोटायच्या पट्ट्या, काहींची टोकं गोल, काहींची तिरकी कापलेली. हे सामान ती कुणाला हात लावू देत नसे.

"एवढ्या चमच्यांनी मी अख्ख्या घराला जेवू घातलं असतं," आई म्हणाली. "तुझे बाबा आपले बोट ओलं करून फिरवायचे."

"म्हणूनच ते दर वर्षी सुटायचं."

"तुझं दर महिन्याला सुटतंय."

तिच्या डोक्यात सणक गेली. तिने आईला स्वयंपाकघरात जायला सांगितलं. आई गेली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मग तिने तो राग टबाच्या काठावरच्या पसाऱ्यावर काढला. साबण, तेलाची बाटली, अंग घासायचा ब्रश, सगळं खाली काठावर. दर खेपेला ती हे उचलून वरच्या फळीवर ठेवायची आणि दर खेपेला ते खाली आलेलं असायचं. फवाऱ्याची नळीसुद्धा वरच्या आकड्यावरून काढून खाली सोडलेली. कितीदा सांगितलं, काठ मोकळा ठेव, तिथे पाणी साचतं. आई म्हणाली, बरं. मागेही ती 'बरं'च म्हणाली होती.

नियमाप्रमाणे तिने सगळं केलं होतं, हेच खरं दुखणं होतं. जुनं मुळापासून काढलं होतं, फट कोरडी केली होती. टब भरून ठेवून मगच सिलिकॉन घातलं होतं, म्हणजे पाण्याच्या वजनाने फट जितकी उघडायची तितकी आधीच उघडते आणि नंतर ताण बसत नाही. हे तर शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. मग सुटतं कसं, आणि दर वेळी तेवढंच वीतभर?

कोपऱ्यातलं नीट दिसावं म्हणून ती चपला काढून कोरड्या टबात उतरली आणि खाली बसली. काटकोनी नोझल लावून पाहिलं. बसल्या बसल्या हात बरोबर पोचत होता. नळाकडे तोंड केलं की कोपरा उजव्या खांद्याशी येत होता. तिने खुणेसाठी चिकटपट्टी लावली आणि उठायला म्हणून उजव्या हाताने काठावर भार दिला.

फट उघडली. डोळ्यांसमोर, अगदी तिच्या तळव्याशेजारी, काठ भिंतीपासून खाली गेला आणि तिने हात काढताच वर आला.

तिने पुन्हा भार दिला. पुन्हा तेच. त्या कोपऱ्याखालचा टबाचा पाय खचला असणार. पाण्याने तो एवढा दबत नव्हता, पण माणूस सगळं अंग एका हातावर टाकून उठला तर दबत होता. पाय पाहायचा तर फरशी फोडावी लागणार, न्हाणीघर बंद राहणार, आणि तेवढे दिवस आई दादाकडे. आणि एकदा तिकडे गेलेली आई परत आली नसती.

मग तिची नजर साबणावर गेली. बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे साबण होता, तेल होतं, फवारा होता. आईने आजवर सांगितलं होतं ते असं: मी उभ्याने अंघोळ करते, टबात बसायला मला वेळ कुठे आहे.

"आई, तू खाली बसतेस?"

आई चौकटीवरचा रंग नखाने खरवडत राहिली.

"उभं राहवत नाही तुला?"

"राहवतं. भांडी घासते, बाजार करते, तेव्हा राहवतं." मग ती म्हणाली, "ओल्या फरशीवर डोळे मिटून नाही राहवत. गुडघे एकदम सोडून देतात."

"आणि उठतेस कशी?"

आईने कोपऱ्याकडे हनुवटी केली.

तिला भयंकर राग आला. आईने दर वेळी 'बरं' म्हणून मोडलेला शब्द, दादाशी घातलेले वाद, सुट्टीच्या दिवशी गुडघे टेकून केलेलं हे काम, सगळं आईच्या अंगावर फेकावंसं वाटलं. त्याखाली भीती होती. ही बाई रोज सकाळी या गुळगुळीत टबातून एकटी उठते आणि कुणाला ताकास तूर लागू देत नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणतेस ना दादाला, आई ठणठणीत आहे," आई म्हणाली. "तुला खोटं पाडू होय?"

 तिने टबातून बाहेर येऊन बाकीची खरवड पुरी केली, फट पुसली, वाळवली. मग तिने अटी घातल्या: मी येईन त्या दिवशीच टब, एरवी टबाबाहेर स्टुलावर बसून अंघोळ. आणि समोरच्या भिंतीत धरायला एक भक्कम दांडी. आई म्हणाली, दांडी दिसली की दादा विचारेल. टॉवेल वाळत घालायला आहे म्हणून सांग, ती म्हणाली, आणि दोघींनाही हसू आलं, पण फार नाही.

"आता उतर आत. बस. उठताना टाकतेस तसा हात काठावर टाक आणि दाबून धर."

"कपड्यांसकट?"

"कपड्यांसकट."

आईला दंड धरून आत बसवताना तिला आईचं वजन पहिल्यांदाच कळलं. आईने कोपऱ्यात तळवा टेकला, सगळा भार दिला. काठ खाली गेला, फट उघडली. तिने गनचा खटका दाबला आणि काटकोनी नोझल आईच्या मनगटामागून सावकाश ओढत आणलं.

घोटायची पट्टी हातात घेते तोच फोन वाजला. दादाचा. बोटं चिकट होती; तिने कोपराने फोन उचलून मोठ्या आवाजावर टाकला. फोटो त्यालाही मिळाला होता. तो म्हणाला, आता मला खरं सांग, हे पुन्हा पुन्हा सुटतंय कशाने? आईचं काही आहे का?

आई काठावरून हात उचलू लागली. तिने मान हलवून आईला तसंच राहायला सांगितलं.

"आईचं काय असणार? माझं काम कच्चं राहिलं," ती म्हणाली. "घाईत करत होते. तिन्ही वेळा."

 मग दादा हसला, खरंच मोकळा झाल्यासारखा.

"मग बये, या वेळी एखादा चांगला माणूस बोलाव ना. घरचं काम म्हणून स्वतःच कशाला करतेस? सगळंच सगळ्यांना जमतं असं नाही."

"बोलावते," ती म्हणाली.

फोन बंद झाला. आई टबात बसून तिच्याकडे पाहत होती. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"हलू नकोस," लेक म्हणाली. "सिलिकॉनवर अजून साय धरली नाही." आणि तिने तिरक्या टोकाची पट्टी उचलून आईच्या बोटांना लागून असलेली कड घोटायला घेतली.