मथुराबाईचं नाव पहिलं येतं

मित्रांनो, मथुराबाई गेली हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं. काविळीमुळे ती यवतमाळला भरती होती. जाताना तिने मला मुद्दाम घरी ठेवलं. कुणाला रक्त लागलं तर फोन लागला पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं. त्या सकाळी मी खिडकीत चार्जिंगला होतो. मुलीचा, रुपालीचा, फोन आला. "बाबा, माय गेली," एवढंच ती बोलली. मथुराबाईच्या नवऱ्याने, उकंडाने, मला कानाला धरून ठेवलं. बोलणं संपलं तरी तो तसाच उभा होता.

मी एक जुना मोबाइल आहे. महागावच्या बाजारात मथुराबाईने मला घेतलं तेव्हाही मी कुणाचा तरी वापरलेलाच होतो. पण तिने मला जपलं. शेतात निंदणाला जाताना ती मला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचायची. बोंडअळीने कापूस खाल्ला त्या सालात गावातल्या कितीतरी जणांचे फोन रिचार्जवाचून मुके झाले. मी मुका झालो नाही.

माझ्यात रक्त देणाऱ्यांची यादी होती. रुपाली कॉम्प्युटर शिकलेली आहे, तिने ती बनवली होती. नाव, गाव, रक्ताचा गट, शेवटचं रक्त कधी दिलं. गट विचारला की मी नावं सांगायचो. ज्याला रक्त देऊन जास्त दिवस झाले त्याचं नाव वर यायचं. एकाच माणसावर भार पडू नये म्हणून मथुराबाईनेच तसं करायला लावलं होतं. आदल्या आठवड्यात ज्याने पाठीवर पंप घेऊन फवारणी केली, त्याला ती बोलवायची नाही. तिचा स्वतःचा गट ओ निगेटिव्ह, कुठेही सहज न मिळणारा. पुसदच्या एका डॉक्टरांनी एकदा मला हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "छान काम करतो हा." ते शब्द मी विसरलो नाही.

मथुराबाई गेली आणि यादी रुपालीच्या नव्या फोनमध्ये गेली. खरं सांगतो, मला तो फोन बघवत नाही. त्याची काच अखंड आहे. त्याला कव्हर आहे. घरात वीज आली की आधी तो चार्जिंगला लागतो, उरली तर मी. रुपाली दिवसभर कृषी केंद्रात कामाला असते, म्हणून कुणी गटाचा मेसेज पाठवला की तो आपणहून पहिलं नाव आणि नंबर पाठवून देतो. मथुराबाईचा हात त्याला कधी लागला नाही. तरी तिची माणसं त्याच्या पोटात.

दोन्ही याद्या सारख्या राहाव्यात म्हणून रुपालीने आम्हाला इंटरनेटने जोडलं होतं. ज्याच्यात शेवटी जतन केलं, त्याचं खरं. मग तिने नव्या फोनमधून आईचं नाव काढलं आणि ती कामाला लागली.

थोड्या दिवसांनी श्रावणचा फोन आला. तो दूरच्या तांड्यावरचा. त्याच्या मुलीला, जमनीला, सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, मथुराबाईने तिला आधी रक्त दिलेलं. त्याने आधी रुपालीच्या फोनवर गट कळवला, आणि त्या हुशार फोनने त्याला मथुराबाईचाच नंबर दिला. वाजलो मी. मला आनंद झाला.

"बाई हाय का घरी? श्रावण बोलून राह्यलो. पोरीले रक्त लागते. पुसदले दवाखान्यात आहो आम्ही."

उकंडाने दाराबाहेर पाहिलं. मग म्हणाला, "वावरात आहे. येते."

"धाडा लवकर, भाऊ. मी गेटवरच थांबतो."

दुपारी श्रावणने रुपालीला फोन केला. "ताई, तुमची माय नाही आली अजून. जीप हुकली का? पोरीले दम लागून राह्यला."

रुपालीने यादीतल्या, ढाणकीच्या भगवानरावांना फोन लावला. ते न्हाव्यापुढे बसले होते. अर्धी दाढी तशीच घेऊन ते जीपमध्ये चढले. जमनी वाचली.

रुपाली घरी आली ती थेट बापासमोर उभी राहिली. "बाबा, तू काहून असं सांगतलं?"

"इतक्या दिसानं कोणी तिले बोलावलं, पोरी. नाही म्हणवलं नाही."

तिने नाव पुन्हा काढलं. सकाळी ते पुन्हा वर. मेलेलं माणूस रक्त देत नाही, दिवस वाढत जातात, नाव वरच राहतं. तिला वाटलं नवा फोन बिघडला. तिने त्याला दोन शिव्या दिल्या. मी ऐकत होतो.

संध्याकाळी उकंडाने नेहमीसारखं मला घेतलं. तो रोज यादीतलं मथुराबाईचं पान उघडतो. त्यावर शिबिरातला फोटो आहे, हातावर कापसाचा बोळा दाबून ती हसते आहे. बघून झालं की तो एक बटण दाबतो.

"बाबा, काय दाबलं?"

"जतन. तुझ्या मायनंच शिकवलं. जतन केल्याबिगर बंद केलं तर सारं जाते म्हणे."

रुपाली खाली बसली. हसायला लागली आणि मग तिने तोंडाला ओढणी लावली. रोज तो जतन करत होता, म्हणून रोज माझंच खरं ठरत होतं आणि काढलेलं नाव नव्या फोनमध्ये परत येत होतं.

तिने माझं इंटरनेट बंद केलं आणि नव्या फोनमधलं नाव परत काढलं. मग माझ्यातल्या मथुराबाईच्या पानावर एक चौकोन बनवला, 'हयात नाही' असा. "यातून पुसत नाही बाबा. नाव राहते, फोटो राहते. यात खूण केली का बोलावणं तेवढं येणार नाही. मंग हा फोन परत जोडता येईल. मी नाही करत. तू कर."

आता नवा फोन बरोबर नाव सांगतो. पहिलं यादीतल्या इंदूबाईचं येतं. मला ते आवडत नाही, पण जमनीसाठी तेच बरोबर आहे.

मित्रांनो, जुना फोन बाजूला ठेवाल तेव्हा त्याच्यात कोण राहिलं आहे ते पाहून घ्या. उकंडा अजून रोज पान उघडतो आणि जतन करून बंद करतो. चौकोनात खूण करायची राहिली आहे.