बोटावरचे सात ठिपके

मी एक जुनी तसबीर आहे, मित्रांनो, आणि माझे सगळे दुखणे माझ्या तोंडात आहे. ते मिटलेले रंगवले आहे. मला दिसते, ऐकू येते. पण बोलायचे म्हटले की चारी बाजूंनी चौकट. दोनशे वर्षे लोक समोर उभे राहून एकमेकांना विचारतात, "ही कोण असेल गं?" मी आपली मूग गिळून बसते.

माझा जन्म एका चित्रकाराच्या खोलीत झाला. खोलीला एकच मोठी खिडकी होती आणि तिथे जवसाच्या तेलाचा वास भरून राहिलेला असे. काढायचे होते न्यायाधीशांच्या पत्नीचे चित्र. बाईसाहेब दोनदा बसल्या, मान अवघडली म्हणून कुरकुरल्या आणि पोशाख व छातीवरचा हिऱ्याची पिन तिथेच ठेवून गेल्या. तेव्हा चित्रकारांची एक रीत होती. चेहरा खऱ्या माणसाचा घ्यायचा, पण कपडे रंगवायला दुसरेच कुणीतरी बसवायचे. म्हणून ज्या मुलीने तो पोशाख शिवला होता, तिच्याच अंगावर तो टाचण्यांनी आवळून तिला खुर्चीवर बसवले.

ती एकोणीस दिवस बसली. चित्रकार तिच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर आला तेव्हा हसला.

"सात टोचे! किती धांदरट आहेस!"

"सुई आहे ती, फूल नाही," ती म्हणाली.

त्याने ते सातही टोचे जसेच्या तसे रंगवले. इकडे न्यायाधीशांची बदली झाली, बाईसाहेब चेहरा द्यायला आल्याच नाहीत, त्यांचा नोकर येऊन पिन आणि पोशाख घेऊन गेला. चित्र तर पुरे करायचे होते. मग समोर जो चेहरा होता, तोच माझ्यात उतरला.

पुढे मी हातोहात फिरले. फार वर्षांनी न्यायाधीशांच्या नातवाने मला एका जुन्या बाजारात पाहिले, घरातली पिन माझ्या छातीवर ओळखली आणि हर्षाने घरी नेले. तिथे माझे काय कौतुक झाले म्हणून सांगू! बाळ जन्मले की त्याला माझ्यासमोर धरून "नाक अगदी पणजीवर गेलंय" म्हणायचे. माझ्या चेहऱ्यावरचे नाक कुणाचे ते मला माहीत होते, पण सांगणार कशी? पुढे भिंतीला ओल आली, तेव्हा पणजीची रवानगी कपाटामागे झाली. तिथे माझ्या डोळ्यांसमोर चार बोटांवर लाकडी फळी होती. पंचवीस वर्षे मी ती फळी पाहिली.

अखेर घरच्यांनी मला संग्रहालयाला दिले. तिथल्या तज्ज्ञांनी मला उलटे केले आणि पाठीवर काही लिहिले आहे का ते पाहिले. काही नव्हते. मग त्यांनी घराण्यातल्या पिनेशी माझ्यावरची पिन जुळवली आणि जाहीर केले, "न्यायाधीशांच्या पत्नीच! शंकाच नको." पितळी पाटी करायला टाकली. सोमवारी ती माझ्याखाली स्क्रूने बसणार होती. एकदा पितळेवर कोरले की पुन्हा कोण विचारणार, मित्रांनो? माझा जीव कासावीस झाला.

शुक्रवारी माझी सफाई चालली होती. चित्रांची डागडुजी करणारी ताई काडीला कापूस गुंडाळून इंच इंच पुसत होती. ती डाव्या हातापाशी आली.

"शी! माश्यांनी घाण करून ठेवलीय बोटावर," असे म्हणून तिने छोटी सुरी उचलली.

चेहरा त्या मुलीचा असला, तरी ती कोण हे सांगणारे माझ्यापाशी ते सात ठिपकेच होते. मी आतल्या आत किंचाळले. सुरी जवळ आली.

खिडकीशी पडदे शिवणाऱ्या मावशी गळ्यात टेप अडकवून माप घेत होत्या. त्या सहज वळल्या.

"थांब गं पोरी! ती घाण नाही. हे बघ माझं बोट. शिवणाऱ्या बाईचं बोट आहे ते."

"मावशी, या न्यायाधीशांच्या बायको आहेत."

"असतील. पण झगा हिचा नाही. खांदा बघ, दोन बोटं उतरलाय. बगलेत टाचण्या मारून आवळलाय, म्हणून चुण्या आडव्या पडल्यात. जिच्या मापाचा शिवला ती ही नव्हे."

ताईने भिंग लावले. प्रत्येक ठिपका आत लाल, कडेने फिकट गुलाबी.

"माशी एवढी कलाकार नसते," ती म्हणाली आणि सुरी खाली ठेवली.

तज्ज्ञ आधी चिडले, मग त्यांनी स्वतः भिंगातून पाहिले. घराण्यातल्या आजींना फोन गेला. "अहो, मग इतकी वर्षं आम्ही पणजी म्हणून नमस्कार कुणाला केला?" असे त्यांनी विचारले म्हणतात. पाटी परत गेली. नवी आली: 'शिवणकाम करणारी तरुणी. नाव अज्ञात.'

मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू? पण पडदे लावून झाल्यावर मावशी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "नाव काय गं तुझं, बाई?"

दोनशे वर्षांत मलाच कुणी पहिल्यांदा विचारले. आणि त्या क्षणी मला कळले की तोंड उघडता आले असते, तरी माझ्याकडे उत्तर नव्हते. एकोणीस दिवस चित्रकार "हनुवटी वर" म्हणाला, "हलू नकोस" म्हणाला. नाव त्याने एकदाही विचारले नाही.

मित्रांनो, आज घरी गेलात की जुने फोटो काढा. त्यातली माणसे कोण, हे सांगणारे कुणी घरात असेल, तोवर त्यांना विचारा आणि मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. माझी पाठ अजून कोरीच आहे.