सुरंगीचं गाऱ्हाणं

सकाळपासून संचिताचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. शिरोड्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवणारे पुष्कळ, पण स्वतःच्या दारात घोडी जन्माला घालून, वाढवून, विकायला काढणारी ती पहिलीच. आणि आज रेडीहून स्टेला टीचर तिची सुरंगी बघायला येणार होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर टीचरनी मुलांना घोडेस्वारी शिकवायला सुरुवात केली होती. बाई कडक. दोन महिन्यांपूर्वी एका दलालाला त्यांनी घोड्यासकट फाटकावरूनच परतवून लावलं, का तर खोगिराची जखम त्याने पावडर फासून झाकली होती. असं माणूस जर म्हणालं, की शिरोड्याची संचिता घोडी चांगली वाढवते, तर संचिताला पुढे कुणाला काही सांगायची गरजच उरणार नव्हती. तिला आयुष्यात एवढं एकच वाक्य ऐकायचं होतं.

आणि वाढवली होतीच तिने चांगली. सुरंगीच्या आईला, राणीला, दर वर्षी गाभण ठेवायचा हावरटपणा तिने केला नाही. शिंगरू सहा महिन्यांचं होईपर्यंत आईपासून तोडलं नाही. गेल्या मे महिन्यात किनारा माणसांनी नुसता फुलला होता, जो तो म्हणत होता, घाल की खोगीर हिच्यावर पण. संचिताने ऐकलं नाही. साडेतीन वर्षं पुरी झाली तेव्हाच ती स्वतः पहिल्यांदा सुरंगीच्या पाठीवर बसली. "आमच्या बैलांचे इतके लाड कोणी केल्यानी नाय," असं सासरे भिकाजी कुरकुरायचे, पण रोज पहाटे खरारा घेऊन सुरंगीपाशी तेच हजर असायचे.

फक्त एक गोष्ट होती. पाच महिन्यांची असताना सुरंगी केवड्याच्या बनात घुसली आणि उजव्या डोळ्यात काटा लावून घेऊन आली. डॉक्टरने डोळा वाचवला, पण कडेला पांढरं फूल राहिलं, तांदळाच्या दाण्याएवढं. उजवीकडून अचानक काही आलं की ती बिथरायची. कपाळावरच्या आयाळीखाली ते फूल एरवी कुणाला दिसायचंही नाही.

"सांगूक व्हया, मामानू," संचिता आठवडाभर म्हणत होती.

"इचारल्यानी तर सांग," भिकाजींचं उत्तर ठरलेलं. "कोणी इचारूच्या आधी आपणच आपल्या घोडयेची निंदा कित्याक करूची?"

शेवटी संचिताने मान डोलावली. तिला स्वतःची लाज वाटली, पण हौस लाजेपेक्षा वरचढ ठरली. आज सकाळी भिकाजींनी सुरंगीला गोठ्यात बांधलं ते नेमकं उजवी बाजू भिंतीकडे करून. संचिताने ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

नऊ वाजता टीचरचा टेम्पो आला. पांढरे कापलेले केस, पायात गमबूट. चहासुद्धा नको म्हणाल्या. सुरंगीचे दात बघितले, चारही पाय उचलून खूर बघितले, पाठीवरून आणि पोटाखालून हात फिरवला, लसींची वही शेवटच्या पानापर्यंत वाचली. कपाळावरची आयाळ उचलायची तेवढी राहिली.

"आयशीक किती वेळा गाभण धरलंस?"

"दोनदाच. मधी तीन वर्सां सोडली."

"आणि हिच्यार पर्यटक किती बसले?"

"एकय नाय."

टीचरनी वही मिटली. "चांगली वाढवलंस गो," त्या म्हणाल्या. "न्हेतंय मी हिका."

झालं. बोलल्या. संचिताच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. डोळ्याचं काही विचारलं नव्हतं, आणि आता विचारायची वेळही टळली होती. एवढं हवं होतं ते वाक्य पदरात पडलं, तरी तिची नजर पुन्हा पुन्हा गोठ्याच्या भिंतीकडे जात राहिली.

पण वाडीतलं जनावर राखणदार देवापुढे गाऱ्हाणं घातल्याशिवाय वाडीबाहेर पाठवायचं नाही, ही इथली रीत. आणि भिकाजींचं गाऱ्हाणं म्हणजे काय विचारता. नवी होडी पाण्यात ढकलायची असो की पोरगी सासरी पाठवायची असो, आजूबाजूच्या चार वाड्यांतून त्यांनाच बोलावणं. दहा-बारा शेजारी बघता बघता जमले. सुरंगीला राखणदाराच्या दगडापाशी आणून उभं केलं, नारळ ठेवला. टीचर गळ्यातल्या क्रुसावर हात ठेवून अदबीने बाजूला उभ्या राहिल्या. भिकाजींनी टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि आवाज लावला.

"बा राखणदारा म्हाराजा, तुझ्या हद्दीत जलमाक इल्ली ही सुरंगी आज दुसऱ्या गावाक चल्ली आसा..."

"व्हय म्हाराजा," शेजारी म्हणाले.

"तिच्या वाटेर काय आडकाठी आसात तर ती दूर कर..."

"व्हय म्हाराजा."

भिकाजी रंगात आले. देवाकडे मागायचं तर पुरतं मागायचं, मोघम बोललं तर देवही मोघमच राखणार, असा त्यांचा चाळीस वर्षांचा हिशोब. घोडी विकायला निघालेला माणूस कुठल्या कुठे गेला आणि गाऱ्हाणं घालणारा तेवढा उरला.

"तिच्या चारय पायांची राखण कर म्हाराजा. आणि उजव्या डोळ्याची जास्त कर. थंय फूल पडला आसा, त्या अंगान तिका धड दिसणा नाय, तू थंय उभो रव..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले, आणि सगळ्यांत मोठा आवाज संचिताचा होता. तो तिच्या तोंडून बाहेर कसा पडला ते तिलाही कळलं नाही.

भिकाजींनी एक डोळा उघडून आधी सुनेकडे बघितलं, मग टीचरकडे, आणि तो पुन्हा मिटून घेतला.

टीचर चालत सुरंगीच्या उजव्या बाजूला गेल्या. आयाळ वर केली. फूल निरखून बघितलं.

"मगाशी कित्याक सांगलंस नाय?"

"तुमी नको म्हणशात म्हणान भियालंय," संचिता म्हणाली. तिने काट्याची सगळी हकिकत सांगितली, गोठ्यातली भिंतसुद्धा सांगितली. "चूक झाली, टीचर."

"वायट किती आसा ता माका बघूचा आसा. खोगीर घाल."

सगळी वाडी किनाऱ्यावर लोटली. ओहोटी लागली होती, ओली वाळू टणक होती. टीचरनी टेम्पोवरची ताडपत्री काढून हातात घेतली आणि त्या एका सुरूच्या झाडाआड उभ्या राहिल्या. संचिता सुरंगीला दौडवत घेऊन आली. झाडाशी पोचताच उजवीकडून ताडपत्री फडाडली. सुरंगीने डावीकडे अशी झेप घेतली की संचिताच्या पायातली एक रिकीब सुटली, ती मानेवर लोंबकळली आणि दोघी गुडघाभर लाटेत गेल्या. काठावर बायांनी तोंडाला पदर लावला.

संचिताने स्वतःला सावरलं. कपडे चिंब झाले होते, पण का कोण जाणे, मनातून तिला मोकळं वाटत होतं. आता झाकायला काही उरलंच नव्हतं.

"परत एकदा, टीचर," ती ओरडली. "ह्या वेळेक मी तिका आदी सांगतंय."

सुरंगी पुन्हा दौडत आली. झाड दहा पावलांवर असताना संचिताने तिच्या मानेच्या उजव्या अंगाला हात ठेवला. "उजवीकडे आसा काय तरी, बाय. उजवीकडे." सुरंगीचा उजवा कान मागे वळला. ताडपत्री फडाडली. घोडी थरारली, एक पाऊल चुकली आणि सरळ पुढे निघून गेली. आणि मग संचिताने लगाम सैल सोडला. दोघी पाण्याच्या कडेकडेने अशा काही सुटल्या की भिकाजी, वय विसरून, टोपी हातात घेऊन मागे धावायला लागले.

त्या परतल्या तेव्हा टीचर ताडपत्रीची घडी घालत होत्या.

"पोरांखाली मी हिका देवचंय नाय," त्या म्हणाल्या. संचिताचा चेहरा पडला. "पोरां आदी सांगूक इसरतली. पण माझो स्वतःचो घोडो म्हातारो झालो. तो आता नुसतो परड्यात चरता. माका बसूक ही चलात. मी इसरूचंय नाय." मग त्यांनी विचारलं, "आता तुझी अट काय?"

"माझी?"

"जलम तू दिलंस हिका. घेणाऱ्याक तू काय इचारूचंस नाय?"

घोडी बघायला येणाऱ्या कुणी तिला हे विचारलं नव्हतं. संचिताने सुरंगीच्या ओल्या मानेवर हात ठेवला. तिला फार विचार करावा लागला नाही.

"कदी नको झाली, म्हातारी झाली, आंधळी झाली, तर दुसऱ्याक देव नकात," ती म्हणाली. "माका परत हाडून द्या."

धापा टाकत येऊन उभ्या राहिलेल्या भिकाजींकडे टीचर वळल्या.

"भिकाजीनू, गाऱ्हाणां अर्ध्यार सोडलास तुमी. पुरा करा. सुनेन काय सांगल्यान ता म्हाराजाक सांगा."

भिकाजींनी टोपी झटकून डोक्यावर घातली. दगड मागे वाडीत राहिला होता, म्हणून त्यांनी तिकडे तोंड करून हात जोडले. या वेळी आवाज चढवला नाही.

"बा म्हाराजा, सुरंगी जर कदी कोणाक नको झाली, तर तिची वाट परत हीच आसा, दुसरी नाय..."

शेजाऱ्यांनी तोंड उघडायच्या आधीच स्टेला टीचर म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."