सतरंजीला पाय कळतात

मी एक जुनी सतरंजी आहे. जुनी म्हटलं म्हणून नाकं मुरडू नका, मित्रांनो. विणकराने मला मागावर अशी ठोकून विणली, की इतकी वर्षं शाळेत काढूनही माझा दोरा हलला नाही. पूर्वी पाहुणे आले की मलाच अंथरत. मग खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी वाचनाच्या खोलीत झाली. तिथे सातवीच्या मुली दुसरीच्या पोरांना जोडीजोडीने वाचायला शिकवतात.

मला अक्षर कळत नाही. पाय मात्र कळतात.

एका ताईवर माझा पहिल्यापासून संशय. तिने या कामाला आपणहून हात वर केला होता म्हणे. आपणहून काम कोण मागतं? तिच्या जोडीची पोर एवढीशी, सगळे तिला मुंगी म्हणत. मुंगी म्हणायची, "ताई, एकदा तू वाच ना."

"मी काय, कधीही वाचीन. तू वाच."

आणि तिच्या पायांची बोटं माझ्यात रुतायची. मुंगी अडली तरी ही आपली गप्प. आळशी मेली, वर्ग चुकवायला येते, मी म्हटलं.

एक दिवस बाई येऊन उभ्या राहिल्या. "आज ताई वाचेल."

ताईची बोटं अशी रुतली, की वाटलं, आता माझा दोरा तुटतो. ताईने दोन शब्द वाचले. तिसऱ्याला तिला रडू फुटलं. आळस कसला, तिला वाचताच येत नव्हतं; मुंगीचं ऐकून शिकावं म्हणूनच तिने हात वर केला असणार.

"तुलाच येत नाही, तर हिला काय शिकवणार?" बाई म्हणाल्या. "मुंगे, उद्यापासून तुला दुसरी ताई."

मुंगी जागची हलली नाही. "मला हीच पाहिजे."

"का गं?"

"बाकीच्या ताया मी अडले की पटकन सांगून टाकतात. ही थांबते. मग माझं मलाच येतं."

बाईंनी जोडी बदलली नाही. चपला घालून माझ्यावर आल्या होत्या, तेही मी त्या दिवशी पोटात घातलं. दुसऱ्या दिवशी चपला बाहेर काढून, एक पातळ पुस्तक घेऊन त्या ताईच्या शेजारी बसल्या. आता ती जोडी तिघींची आहे.

ताईला वाचता येत नाही हे मुंगीला आधीच ठाऊक होतं, असा माझा संशय आहे. हल्ली ताईला येणाऱ्या शब्दावरच ती नेमकी अडते आणि ताईला तो वाचू देते.

मित्रांनो, मला अधूनमधून झटका, ऊन दाखवा, शाई सांडू नका. आणि शेजारचं कोणी वाचताना अडलं, तर जरा थांबा. घाई करणाऱ्याचे पाय मला लगेच कळतात.